आमची वाटचाल : ६०० मेलेल्या रोपांपासून

रोपवाटिका सुरू केली तेव्हा आमच्याकडे जागा होती, विहीर होती आणि आत्मविश्वास गरजेपेक्षा जास्त होता. शोभेची रोपं आणि फळझाडांची कलमं सगळेच करतात, आपण काही वेगळं करू, असं म्हणत धाकट्या भावाने पाइनचं नाव काढलं. आमची जमीन समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, हिवाळा नावापुरता, आणि उन्हाळ्यात रात्री दोन वाजताही अंगाला घाम. अशा जागी पाइन लावायचा विचार शहाण्या माणसाने केला नसता.

पहिलं बी थंड देशातल्या जातींचं होतं. पाकिटावर बर्फात उभं असलेलं झाड होतं, त्यालाच आम्ही भुललो. ओल्या वाळूत मिसळून बी सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं, मग पेरलं. उगवण छान झाली, ६०० रोपं मिळाली. पाइनचं रोप उगवताना बियाचं टरफल डोक्यावर टोपीसारखं घेऊन येतं. ते बघायला आम्ही रोज सकाळी वाफ्यापाशी उकिडवे बसायचो (आणि आमच्या मागोमाग चिमण्याही, कारण टोपीसकट शेंडा त्यांना फार आवडतो).

ऊन तापलं तशी निम्मी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली. आम्ही दोष उन्हाला दिला आणि शेडनेट दुहेरी केली. त्याने हवा कोंडली, माती ओली राहिली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. उरलेल्यांचे शेंडे मिटून बसले ते उघडलेच नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ११ रोपं उरली, तीही वीतभर. नंतर तीही गेली.

कारण कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. थंड प्रदेशातल्या पाइनचा शेंडा थंडीचे ठरावीक आठवडे मिळाल्याशिवाय नीट फुटत नाही. शिवाय रात्र गरम असली की झाड दिवसभर कमावलेलं रात्री श्वसनात उडवून टाकतं. दुपारचं ऊन पाइनला सोसतं, उलट त्याला भरपूर प्रकाशच लागतो.

दुसऱ्या खेपेला जात निवडून घेतली. पाइन म्हणजे डोंगरावरचं झाड हा समज अर्धाच खरा आहे. मर्कुस पाइन सुमात्रात विषुववृत्ताच्या दक्षिणेलाही नैसर्गिकरीत्या वाढतो, आणि पाइनच्या साऱ्या कुळात असा तो एकटाच. कॅरिबियन पाइनचा होंडुरन प्रकार मध्य अमेरिकेच्या किनारी मैदानांत थेट समुद्रसपाटीपासून आढळतो. आम्ही याचंच बी आणलं. नुसतं जातीचं नाव विचारून भागत नाही, बी किती उंचीवरच्या झाडांचं आहे तेही विचारावं लागतं. आम्ही किनारपट्टीचं मागितलं. त्याला फ्रिज नको, काही नको. एक रात्र पाण्यात भिजवलं आणि दोन-तीन आठवड्यांत वाफा हिरवा झाला.

आणि तिथेच अडला. बोटभर उंचीवर रोपं थांबली, सुया आधी पिवळ्या, मग जांभळट. आम्ही स्फुरद (फॉस्फरस) दिलं, लोह फवारलं, मातीचा सामू (पीएच) तपासला. तो साडेपाच होता, म्हणजे पाइनला हवा तसाच. आमच्याकडे काम करणारे काका एक दिवस म्हणाले, "दादा, यांना खायला आहे, पण खाता येत नाहीये." आम्ही हसलो. ते अक्षरशः खरं निघालं.

पाइनच्या मुळांना मायकोरायझा नावाच्या बुरशीची सोबत लागते. तिचे तंतू मुळांना वेढतात आणि मातीतलं स्फुरद आणून देतात. जिथे पूर्वी पाइन नव्हता तिथल्या मातीत ही बुरशी बहुधा नसतेच. प्वेर्तो रिकोत पाइनच्या लागवडी वर्षानुवर्षं फसत होत्या. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या पाइनखालची माती आणून रोपांना दिली, तेव्हा ती वाढू लागली. हे वाचल्यावर आम्ही एका जुन्या पाइन लागवडीतून परवानगीने दोन पोती पालामाती आणली आणि वाफ्याच्या एका कडेला मिसळली. तीन महिन्यांनी त्या कडेपासून हिरवा पट्टा आत सरकताना दिसू लागला. एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांची टोकं बेचक्यासारखी दुभंगलेली आणि पांढऱ्या तंतूंनी मढलेली. तेव्हापासून एक वाफा आम्ही कधीच रिकामा करत नाही. दह्याला विरजण ठेवावं तसा. बाहेरची माती मात्र परत आणली नाही, कारण तिच्याबरोबर रोगही येतात.

हे विरजणही एकदा आम्हीच मारलं. कोलमड रोखायला सगळ्या वाफ्यांत बुरशीनाशक ओतलं. वाईट बुरशी मेली, चांगलीही मेली. त्या वर्षी विक्री शून्य.

पण खरी नामुष्की नंतरची. लावून तीन वर्षं झालेलं, पुरुषभर उंचीचं आमचं झाड वादळात आडवं झालं, असा एका ग्राहकाचा फोन आला. आठवड्यात आणखी दोन. जाऊन पाहिलं तर वाऱ्याचा दोष फार नव्हता. मुळांचा गोळा अजून आमच्या पिशवीच्याच आकाराचा होता. पिशवीत रोप जास्त दिवस ठेवलं की सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि तो वेढा जमिनीत गेल्यावरही सुटत नाही. वर झाड झपाट्याने वाढतं, खाली त्याला धरून ठेवायला काही नसतं. आम्ही त्या खेपेची सगळी झाडं बदलून दिली. त्या वर्षी भावाने दुसरीकडे नोकरीही शोधली होती. पुढे पिशव्या बंद केल्या आणि आत उभ्या कडा असलेल्या, तळ उघडा असलेल्या नळ्या आणल्या. मूळ खाली आलं की हवेने टोक सुकतं आणि बाजूची मुळं फुटतात. रोप नळीत सहा-आठ महिन्यांवर राहिलं तर आता ते विकत नाही, खतात टाकतो.

फाटकाशी एक कॅरिबियन पाइन आहे, त्याला येणारा प्रत्येक जण हसतो. मधले कित्येक फूट एकही फांदी नाही, नुसता सुयांनी भरलेला दांडा, कोल्ह्याच्या शेपटीसारखा. उष्ण, दमट सखल भागात हा प्रकार होतो: शेंडा विश्रांतीच घेत नाही, म्हणून फांद्यांचं चक्र पडत नाही. असं झाड वाऱ्यात मोडू शकतं. होंडुरनपेक्षा क्यूबाच्या प्रकारात हे कमी दिसतं, म्हणून हल्ली तोच जास्त लावतो.

गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, तुमची उष्णता कोरडी की दमट? उन्हाळा कोरडा आणि माती चुनखडीची असेल तर अलेप्पो पाइन. कोरडी जागा, पण उंच डौलदार झाड हवं असेल तर कॅनरी पाइन, जो जळाला तरी खोडातून पुन्हा फुटतो. पाणी साचणाऱ्या जमिनीला आम्ही सरळ नाही म्हणतो. घराला लागून असेल तरीही नाही, कारण वाळलेल्या सुया पेट घेतात. उघड्या माळरानाशेजारीही नाही. पंख असलेलं बी वाऱ्याने दूर जातं, आणि दक्षिण गोलार्धात लावलेले पाइन माळांवर कसे पसरले ते जगाने पाहिलं आहे. चीड, म्हणजे हिमालयातला पाइन, मागणारे पुष्कळ, पण ते डोंगरउताराचं झाड. आमच्याकडे जगतं, खुलत नाही.

अनेकांना पाइन म्हणून हवा असतो तो खरं तर अरौकारिया, दिसायला पाइनसारखं पण वेगळंच झाड. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीने येतात, याच्या तशा नसतात. तो उष्णतेत सुखाने वाढतो, आम्हीही विकतो, पण त्याच्याच नावाने. (यातला कुक पाइन म्हणतात तो जिथे लावाल तिथे विषुववृत्ताकडे झुकतो, हे २०१७च्या एका अभ्यासात मोजून दाखवलं आहे. वाकडा निघाला म्हणून परत आणू नये.)

फाटकाच्या त्या शेपटीला यंदा पहिल्यांदा शंकू धरलेत. बी पोकळ निघण्याचीच शक्यता जास्त, जवळपास परागाला दुसरं मोठं झाड नाही. तरी भावाने प्रत्येक शंकूला कापडी पिशवी बांधली आहे. शंकू तपकिरी झाले की उतरवून उन्हात उघडायचे आणि बी पाण्यात टाकायचं. तळाशी किती बसतात ते बघू.