आईला घेऊन स्कोमर बेटावर

स्कोमरला जायचं तर मनात आलं आणि निघालो, असं चालत नाही. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यासमोर हे जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं बेट आहे. तिथे दिवसाला २५० पर्यटकांनाच उतरू देतात. पफिन पक्षी एप्रिल ते जुलै एवढेच महिने असतात आणि मे-जूनची तिकिटं फार आधी संपतात. आई मालवणहून उन्हाळ्यात येणार हे ठरलं, तेव्हा तिच्या विमानाच्या तिकिटाआधी मी बोटीचं तिकीट काढलं. शनिवार-रविवार मिळालाच नाही. जूनमधला एक बुधवार मिळाला, तो घेतला आणि रजा टाकली.

तिकीट मिळालं तरी वाऱ्याचं काय? बेटावर बोट जिथे लागते ती खाडी उत्तरेकडे उघडी आहे. उत्तरेचा वारा जोरात सुटला की फेऱ्या रद्द. आदल्या रात्री आम्ही हॅवरफर्डवेस्टला मुक्काम केला. आई सारखी विचारत होती, "वारो खयचो आसा?" दर्यावर वाढलेल्या बाईचा प्रश्न, अगदी नेमका. वारा नैर्ऋत्येचा निघाला आणि सकाळी मार्टिन्स हेवनला बोट वेळेवर लागली.

बोटीत बसण्याआधी बूट घासायचे आणि बॅगेचे सगळे कप्पे उघडून बघायचे. कशासाठी, तर उंदीर. स्कोमरवर उंदीर कधी पोचलेलेच नाहीत. इथले पक्षी जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात. एक गाभण उंदरी पोचली तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वसाहत धोक्यात येईल. आईने घावण्यांचा डबासुद्धा उघडून दाखवला. मला ही तपासणी मनापासून आवडली. इतक्या काळजीने राखलेल्या जागा मी फार कमी पाहिल्या आहेत.

बोटीचा प्रवास थोडकाच. कसोटी पुढे होती: धक्क्यावरून वर चढायला ८७ उंच पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात, म्हणून दर वळणावर थांबत, मागच्यांना पुढे जाऊ देत चढलो. कोणी घाई केली नाही. वर वॉर्डनने सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पायवाट सोडायची नाही, कारण दोन्हीकडची जमीन बिळांनी पोखरलेली आहे. पाऊल पडलं तर बीळ ढासळतं आणि आतलं पिल्लू गाडलं जातं. बेटावर दुकान नाही, पाणी-खाणं आपलं आपण न्यायचं. शौचालय मधल्या जुन्या शेतघराजवळ. परतीच्या बोटीपर्यंत साधारण पाच तास मिळतात.

आम्ही अख्खा फेरा मारायचा हट्ट सोडला आणि थेट दक्षिणेच्या 'द विक' या कड्याकडे गेलो. आईबाप बरोबर असतील तर हेच करा. तिथे पफिन पायवाट ओलांडत असतात आणि थांबायचं माणसांनी. एक पक्षी चोचीत मासे घेऊन उतरला, आमच्यापासून दोन हातांवर. वीतभर उंचीचा जीव, नारिंगी पाय आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे चंदेरी मासे. तो खरखरीत जिभेने पकडलेले मासे टाळूशी दाबून धरतो, म्हणून पुढचा मासा पकडायला चोच उघडली तरी आधीचे सुटत नाहीत. आई वाकून बघत म्हणाली, "बाय, ही मुडदुशीच दिसतत!" ते सॅंड ईल होते, पण बांधा खरंच तसाच. कुरव टपलेलेच असतात, त्यामुळे पफिन क्षणभरही रेंगाळला नाही. तुरुतुरु धावत बिळात शिरला.

पफिन इथे ४० हजारांहून जास्त आहेत. पण बेटाचे खरे मालक वेगळेच, आणि दिवसा येणाऱ्याला ते दिसत नाहीत. वाटेवर जागोजागी काळे-पांढरे पंख पडलेले होते, मधलं सगळं खाऊन साफ केलेलं. ते मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांचे. त्यांच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या इथे वीण घालतात, जगातली सर्वांत मोठी वसाहत. त्यांचे पाय शरीराच्या पार मागे असतात, जमिनीवर धड चालता येत नाही. मोठे कुरव त्यांना सहज मारतात, म्हणून ते अंधार पडल्यावरच किनाऱ्यावर येतात. हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेच्या समुद्रात आणि वसंतात परत ह्याच बेटावर. १९५२ मध्ये असाच एक पक्षी अमेरिकेत बॉस्टनला नेऊन सोडला होता. साडेबारा दिवसांत तो शेजारच्या स्कोकहोम बेटावरच्या आपल्या बिळात हजर! हे मी सांगितल्यावर आई बिळांकडे पाहत हळू बोलू लागली. आत कोणीतरी अंड्यावर बसलेलं असणार, हे तिने लगेच ओळखलं.

शिअरवॉटर बघायचे तर रात्री राहायला हवं. जुन्या शेतघरात थोड्या पाहुण्यांची सोय आहे, आपलं जेवण आपण रांधायचं. त्याचं बुकिंग बोटीच्या तिकिटापेक्षाही लवकर भरतं. रात्र शक्यतो अमावस्येजवळची बघा, कारण चांदणं असलं की ते किनाऱ्यावर यायला कचरतात. पुढच्या वर्षीच्या तारखा आईने कालनिर्णयात बघून ठेवल्या आहेत.