दादांनी धुवू नको म्हटलंय

कुरिअरवाला वर यायला तयार नव्हता म्हणून भर दुपारी खाली पार्किंगमध्ये उतरले, तर गाड्या धुणारा पोरगा आमच्या थारसमोर बादली घेऊन उभा. हातात ओलं फडकं आणि चेहऱ्यावर धर्मसंकट.

"काकू, हिचं काय करू? दादांनी धुवू नको म्हटलंय. आणि तिकडं चेअरमन माझ्यावर ओरडतात, फरशीवर ढेकळं पडतात म्हणून."

ढेकळं पडली होती हे खरंच. चिखल रविवारचा, आज बुधवार. दारांच्या मुठीपर्यंत चढलेला तांबूस करडा लेप वाळून भेगाळला होता आणि चाकांवरच्या पोकळीतून त्याचे पोपडे सुटत होते. पुढच्या काचेवर वायपरने काढलेले दोन पंखे तेवढे स्वच्छ. नव्या नवरीने हळद मिरवावी तशी ही गाडी तीन दिवस पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत मिरवून आली होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतून कोणी वळून बघितलं की आमच्या चिरंजिवांची मान किती अंशांत ताठ होते, ते मी बाजूच्या सीटवरून पाहिलेलं आहे.

आमच्या लहानपणी चिखल ही मिरवायची नाही, घराबाहेर ठेवायची गोष्ट होती. माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. पावसाळ्यात पडवीच्या तोंडाशी पाण्याचा हंडा भरलेला असे आणि पाय धुतल्याशिवाय कोणी उंबऱ्याकडे सरकलं की आईचा आवाज आधी यायचा. घोट्यामागचा चिखल तिला कंदिलाच्या उजेडातही दिसे. तो धुण्यात माझी निम्मी शाळा गेली. आणि आता माझा मुलगा पंधरा लाखांच्या वर मोजून गाडी घेतो, पेट्रोल जाळून माझ्याच माहेरी जातो आणि तोच चिखल ठाण्याला घेऊन येतो.

रविवारच्या त्या ऑफ-रोडिंगला, म्हणजे रस्ता सोडून मुद्दाम चिखलाखड्ड्यांतून गाडी घालायला, मला तर नेणारच नव्हता. सूनबाईंनी "माझी मान" म्हणून अंग काढून घेतलं, बाजूची जागा रिकामी राहिली आणि रस्ता मुरबाडकडे जाणारा. मी म्हटलं, मी येते. तो "आई, धक्के बसतात गं" म्हणाला. चाळीस वर्षं मुरबाडच्या एसटीने गेलेल्या बाईला हा सांगतोय धक्के.

पहाटे कल्याणच्या पुढे त्याच्या क्लबातले सगळे जमले. अकरा गाड्या : बऱ्याचशा थार, दोन जुन्या जिप्सी आणि एक जिम्नी, जिला सगळे लाडाने बोलत होते. रायत्याच्या पुलावर उल्हास दोन्ही काठ धरून चालली होती. मुरबाडच्या पुढे कुठेतरी डांबरी सोडली आणि तिथे पहिली गंमत पाहिली. चांगलेचुंगले, पोटं सुटलेले पुरुष ओल्या मातीत गुडघे टेकून आपापल्या गाड्यांची हवा सोडायला लागले. फुस्स, फुस्स, अकरा गाड्यांच्या चव्वेचाळीस चाकांतून. बत्तिसावरून अठरावर. आमच्याकडे हे दर रविवारी न चुकता पंपावर जाऊन हवा भरून आणत, त्यांना हे बघून काय वाटलं असतं कोण जाणे. हवा कमी केली की टायर पसरतो, बदकाच्या पायासारखा, आणि चिखलात घुसण्याऐवजी वर राहतो. सांगितल्यावर पटलं.

क्लबचा म्होरक्या दातांचा डॉक्टर. रुतलेलं उपटून काढायची हाताला सवय, त्यामुळे निवड चुकली नसावी. त्याने सगळ्यांना गोल उभं करून चार गोष्टी सांगितल्या. स्टिअरिंगच्या आत अंगठा घालायचा नाही, खाली दगड लागला तर चाक झटक्यात फिरतं आणि अंगठा जातो. चढावर गाडी बंद पडली तर क्लच दाबायचा नाही, ती मागे सुटते. ओढायचा दोर ताणला असताना त्याच्या आसपास कोणी उभं राहायचं नाही. आणि काही झालं तरी ट्रॅक सोडायचा नाही, दोन्ही बाजूंना लोकांची शेतं आहेत. "आहे त्याच चाकोरीतून जायचं," तो म्हणाला.

मला हसू आलं. चाकोरी म्हणजे तरी काय, बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी वर्षानुवर्षं मातीत कापलेली जोडओळ. हा शब्द आम्ही एवढा ऐकला आहे की त्यातलं चाक केव्हाच निखळून पडलं. शाळेच्या बक्षीस समारंभाला येणारा प्रत्येक पाहुणा "मुलांनो, चाकोरीबाहेर जा" असं सांगून स्वतः वेळेवर येणाऱ्या गाडीने परत जायचा. आणि ठाणेकरांना तर सांगून उपयोगच नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी चौतीस किलोमीटरवर आमच्याच गावात येऊन थांबली, तेव्हापासून देशातली पहिली प्रवासी लोखंडी चाकोरी आमची. मी बँकेत तेहतीस वर्षं आठ बाराच्या लोकलने गेले, त्याच डब्यात, त्याच दारातून. माझी तक्रार नाही. पण ही अकरा माणसं आठवडाभर त्याच त्या रस्त्यांना कंटाळून पहाटे चारला उठून आली, तर इथेही त्यांना चाकोरीच.

मग तो दुसरा दांडा. गिअरच्या शेजारी एक बुटका दांडा असतो, तो ओढून फोर एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर आणि चाल सगळ्यात हळू, टाकला की गाडीचं वागणंच बदलतं. इंजिन मोठ्याने घुमतं आणि गाडी मुंगीच्या पावलाने चढते. पाच तासांत आम्ही नऊ किलोमीटर गेलो. मध्येच ढग फाटले आणि समोर सह्याद्रीची सगळी भिंत उभी, कडेला नानाचा अंगठा. त्याच्या कुशीतून नाणेघाट वर जुन्नरकडे जातो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने बैलांच्या पाठीवरून चढायचा आणि घाटमाथ्यावर जकातीसाठी दगडी रांजण, तो अजून आहे. टोल भरून ऑफ-रोडिंग. चिरंजिवांना सांगितलं, पण त्याचे डोळे पुढच्या खड्ड्यावर.

त्या खड्ड्यात आम्ही गेलोच. डावं मागचं चाक अधांतरी राहिलं आणि गरगर फिरायला लागलं, उजवं मात्र घट्ट जमिनीवर असून ढिम्म. हे म्हणे सगळ्याच साध्या गाड्यांत होतं. ज्याच्या पायाखाली काही नाही तेच जोरात फिरतं आणि ज्याच्यावर भार टाकावा ते बसून राहतं. आमच्या शाखेत असे दोघे होते, एका टेबलावर एक. (नावं सांगत नाही, दोघंही पेन्शनीत आहेत.) यावरचा इलाज म्हणजे डिफरन्शियल लॉक, दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची. तो आमच्या गाडीत होता. तरी गाडी बसली ती बसलीच.

मी वरून सूचना देत होते. "थोडं डावीकडे घे. अरे, जरा जोरात. मी म्हटलंच होतं." मग एकदम ध्यानात आलं की मी शल्य झाले आहे. सतराव्या दिवशी कर्णाच्या रथाचं चाक भूमीने गिळलं, तो बिचारा खाली उतरून दोन्ही हातांनी ते उपसतोय, आणि ज्याने दिवसभर टोमणे मारून त्याचा जीव नकोसा केला तो सारथी वर बसलेला. प्रत्येक रुतलेल्या गाडीत एक शल्य असतो. बहुधा नातेवाईक.

मी उतरले. उतरताना उजवी चप्पल चिखलाने ठेवून घेतली.

आबांची गाडी रुतली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. गाडीत आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी भरलेल्या, त्या हिरव्यागार ढिगावर मी, आणि ओहोळ ओलांडताना चाक थेट तुंब्यापर्यंत खाली. म्हशाच्या जत्रेतून आणलेली जोडी, सोन्या आणि खंड्या. दोघांनी एकदा ओढून बघितलं, चाक आणखी खचलं. आबांनी कासरा सैल सोडला, खाली उतरले आणि इरलं पाठीवर घेऊन बांधावर जाऊन चक्क बसले. चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली, नखाने चुना लावला आणि मळत बसले. मळताना नजर चाकावर.

"आबा, पाऊस वाढतोय."

"वाढू दे. गाडी काय पळून जाती का?"

ओहोळाच्या काठची निरगुडी कापून त्यांनी चाकाखाली फांद्या कोंबल्या, वर दोन चपटे दगड. मग मला म्हणाले, "तू बी उतर." मी म्हटलं, माझं असं वजन ते किती. "वजनाचं नाही गं. आपण उतरलो हे बैलांना कळाया पायजे." मी उतरले. आबांनी नुसती टिचकी वाजवली. दोन्ही बैल पुढच्या गुडघ्यांवर आले, माना जमिनीला लागल्या, शिवळा करकरल्या, आणि गाडी निघाली. फोर एल फोर एल म्हणतात ते मी तेव्हाच पाहिलं होतं.

दातांच्या डॉक्टरनेही तेच केलं. तंबाखू सोडून. आला, वाकून चाकाखाली पाहिलं, एक शब्द बोलला नाही. मग जिप्सीला रबरासारखा ताणला जाणारा तो जाड दोर लावला, दोन्हीकडे शॅकल अडकवले, आम्हाला वीस पावलं मागे हाकललं. जिप्सीने हिसका दिला, दोर ताणला आणि आवळताना थारला चिखलातून अलगद उचलून घेऊन गेला. टाळ्या पडल्या. चिरंजिवांचा चेहरा त्या टाळ्यांनी फुलला ते चांगलं झालं नाही, कारण पुढे अर्ध्या तासात जिम्नी वाटेत अडली, याला थांबवेना, आणि याने चाकोरी सोडून डावीकडून काढली.

एकच चाक गेलं. बांधाचा कोपरा ढासळला आणि ते खाली खाचरात उतरलं. मोजून दहा-बारा फूट असेल. मग गाडी परत वर आली, छान आली, कोणी ओढावीही लागली नाही.

खाचरात एक म्हातारी वाकलेली होती. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. ती उभी राहिली, गाडीकडे पाहिलं, मग त्या दहा-बारा फुटांकडे. चिरंजीव धावत गेले, सॉरी आजी, सॉरी. पाकिटातून पाचशेची नोट काढली. तिने दोन्ही हात पुढे करून दाखवले, कोपरापर्यंत चिखल. म्हणजे घेणार कशी. याने नोट बांधावर ठेवून वर दगड ठेवला. पाऊस चालूच होता, नोट आमच्या डोळ्यांदेखत दगडाला चिकटून काळपट झाली.

"ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली, मला उद्देशून. "लावीन मी परत."

आणि लावायला लागलीसुद्धा. दाबली गेलेली रोपं एकेक उपसायची, मुळं पाण्यात खळबळून बघायची, तीन-तीन काड्या चिमटीत धरून अंगठ्याने चिखलात रोवायच्या. अंगठा निघाला की चिखल आपोआप मिटायचा. मी एका चप्पलेवर उभी राहून बघत होते. मला येतं ते काम. मी गेले नाही खाली.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. कल्याणच्या अलीकडे पंपावर हवा भरली, अठरावरून बत्तीस. मग चहा झाला, आणि चहानंतर तो पुन्हा दोराबद्दल बोलायला लागला.

तर आज दुपारी पार्किंगमध्ये तो पोरगा फडक्याच्या टोकाने चाकावरचा पोपडा उकरत होता, करायला काही नाही म्हणून. हाताएवढं ढेकूळ सुटून फरशीवर फुटलं. त्यात काड्या होत्या, तीन, मुळांसकट. पिवळ्या पडलेल्या, पण बुडाशी अजून हिरव्या.

मी वाकायच्या आत त्याने उचललं. पोरगा जव्हारकडचा. "आवण हाय हे, काकू," तो म्हणाला. "आमच्याकडं पण आवणी उरकत आली असंल."

त्याने ते फेकलं नाही, बादलीच्या काठावर ठेवलं. मग माझ्याकडे बघत राहिला.

"धू," मी म्हटलं. "दादाला मी सांगते."

त्याने चाकांपासून सुरुवात केली. तिसऱ्या बादलीला चेअरमन गॅलरीतून ओरडले, पाणी किती सांडताय म्हणून.