झोळीतलं डायपर

त्या डायपरचं वजन भरलं १२४ ग्रॅम. कोरडं असताना ते ३२ भरतं. म्हणजे आत जेमतेम ९२ ग्रॅम लघवी, आणि तरी बाळाचं झबलं, दुपटं, झोळीचं लुगडं सगळं चिंब. हेच डायपर आमच्या लॅबमध्ये ३०० मिली पिऊनही वरून कोरडं राहिलं होतं. त्या अहवालावर सही माझी होती.

नागपूरच्या एलआयटी कॉलेजातून केमिकल इंजिनीअरिंग करून मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागले. नऊ वर्षं डायपरच्या डिझाईनवर काम करते आहे. दिवसाचा बराचसा वेळ मिठाचं पाणी ओतण्यात आणि थांबघड्याळाकडे बघण्यात जातो. डायपरमध्ये कापूस असतो असं बहुतेकांना वाटतं. कापूस नसतोच. बाळाच्या अंगाला लागतं ते पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड. त्याखाली एडीएल नावाचा फुगीर पट्टा, त्याखाली पाइनच्या लाकडाचा लगदा आणि त्यात मिसळलेली एसएपीची, म्हणजे लघवी शोषून जेल होणारी पावडर, सगळ्यात बाहेर प्लास्टिकची फिल्म. ही पावडर डायपरमध्ये आली ती १९८० च्या दशकात. त्याआधी सगळा भार लगद्यावर, म्हणून तेव्हाची डायपर उशीएवढी जाड.

मोबाईलवर डायपरवर तांब्याभर नळाचं पाणी ओतून दाखवणारे व्हिडिओ फिरतात. मला त्यांचा मनापासून राग येतो. शुद्ध पाणी ही पावडर वजनाच्या शेकडो पट शोषते. लघवीत क्षार असतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तीच पावडर तीसेक पटीवर येते, आणि वर बाळाचं वजन पडलं की आणखी खाली. आयांना यातलं काहीच कोणी सांगत नाही.

शिवाय डायपर पूर्ण भरलं म्हणून गळलं, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. लघवी येते काही सेकंदांत. पावडरला ती गिळायला मिनिटाच्या हिशेबात वेळ लागतो. तेवढा वेळ लघवीला कुठेतरी थांबायला जागा हवी. एडीएल ही ती जागा, आणि मांड्यांलगतचे उभे कफ हा बांध. कफमधलं इलॅस्टिक किती ताणून चिकटवायचं यावर मी एकेकाळी चार महिने घालवले आहेत. जास्त ताणलं तर मांडीवर वळ उठतात, कमी ताणलं तर फट राहते. ते काम चांगलं झालं होतं, अजूनही तसंच वाटतं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरातून तिसऱ्यांदा तक्रार आली. पहिल्या दोन वेळा आमच्या लोकांनी सांगितलं, "साईज चुकली असेल." आमच्याकडे हे उत्तर प्रत्येक गळतीला तयार असतं, डायपर न बघता दिलं जातं. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले. मे महिना, दुपारी पारा ४५ च्या वर, घरात कूलर घरघरत होता. सात महिन्यांचा मुलगा, त्याची आई आणि आजी.

साईज बरोबर होती. पट्ट्या दोन्हीकडे सारख्या लावलेल्या, कफ बोट फिरवून बाहेर काढलेले. आमची प्रात्यक्षिक दाखवणारी मंडळीसुद्धा इतकं नीट लावत नाहीत. मी बाळाच्या आईला, ताईंना, तसं सांगितलं तर त्या रडवेल्या झाल्या. दोन महिने त्या स्वतःचीच चूक समजत होत्या.

आजी म्हणाल्या, "मॅडम, आतून पाहा न. समोर कोरडंठाक हाय, पाठीकडून गळून राह्यलं."

मी वर्तमानपत्रावर डायपर ठेवून कात्रीने मधोमध उभं कापलं. पुढच्या भागातली पावडर रव्यासारखी सुटी, कोरडी. मागे मात्र सगळी फुगून जेल झालेली, कडेपर्यंत. मी तशीच बसून राहिले. नऊ वर्षांत मी असं डायपर पाहिलं नव्हतं, कारण लॅबमधली आमची बाहुली कायम सपाट टेबलावर पडून असते.

तेवढ्यात मुलगा किरकिरायला लागला. ताईंनी त्याला झोळीत घातलं आणि माझ्या समोरच सगळा उलगडा झाला. झोळीत बाळ सरळ नसतं. डोकं वर, पाय वर, आणि सगळ्यात खाली कंबर. डायपरची मागची कड नेमकी तिथे येते. लुगडं दोन्ही बाजूंनी आवळतं, मांड्या जवळ येतात, मधला पट्टा चुरगळतो. वाहून येणारं सगळं कमरेपाशी साचतं. आणि आम्ही पावडर कुठे जास्त घालतो? पुढे. पाठीवर सपाट झोपलेल्या बाळासाठी, विशेषतः मुलग्यांसाठी, ते बरोबरच आहे. पण इथे कितीतरी लेकरं दिवसाची झोप झोळीतच काढतात. मीसुद्धा झोळीतच वाढले. हे मला सुचायला महालात जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या दोन रॅकच्या मध्ये आईची जुनी सुती साडी बांधली. सात किलोची बाहुली तिच्यात ठेवली, नळीने ६०-६० मिली मिठाचं पाणी सोडलं. टेबलावर चार वेळा सोडूनही थेंब बाहेर आला नव्हता. झोळीत दुसऱ्याच वेळी कमरेपाशी साडी ओली झाली. सात डायपर लावून पाहिली. सातही गळली.

बैठकीत मी मागच्या कमरेला इलॅस्टिकची पट्टी मागितली. नवं युनिट बसवावं लागेल, लाईन थांबेल, नगामागे काही पैसे वाढतील, म्हणून ती नाकारली गेली. एका वरिष्ठांनी सुचवलं की पाकिटावर छापू या, झोळीत वापरू नये. मला ते लाजिरवाणं वाटलं आणि मी तसं बोलले. ज्या घरात बाळाला निजवायला दुसरी जागा नाही, तिथे ती सूचना वाचून आईने काय करायचं?

मिळालं ते एवढंच: लगद्याचा गठ्ठा फिल्मवर बसतो ती जागा १० मिलिमीटर मागे. यंत्रात आकडा बदलायचा, खर्च शून्य. झोळीत आता तिसऱ्या वेळेपर्यंत साडी कोरडी राहते. महालातून फोन आला, रात्रीचं बरं आहे म्हणून. पण त्याच महिन्यात दुसऱ्या दोन घरांतून पुढून गळण्याच्या तक्रारी आल्या, दोन्हीकडे मुलगे. पुढून काढलेले १० मिलिमीटर तिथे भोवले का, की तो योगायोग? दोन तक्रारींवरून ठरवता येत नाही. पण मला शंका आहे, आणि रात्री ती मनातून जात नाही.

साडी अजून रॅकला बांधलेलीच आहे. ऑडिटच्या दिवशी ती काढायला सांगितलं होतं. काढली, संध्याकाळी परत बांधली. या आठवड्यात बाहुलीला कडेवर घेऊन पाहते आहे, कारण महालातल्या ताई पोळ्या लाटायला बसेपर्यंत मुलाला तसंच धरून असायच्या. कडेवर एक मांडी माझ्या पोटाशी दाबली जाते, दुसरी मोकळी राहते. मोकळ्या मांडीकडचा कफ तिसऱ्या वेळी आडवा पडतो. काल तीनदा पडला.