आराम करताना २४००

ताई जुन्या कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून घेतात. आधी मूळ रेकॉर्डिंग, मग खरखर काढलेली प्रत, शेवटी सगळ्याची झिप करून दुसऱ्या डिस्कवर. गेले काही महिने त्या झिप उघडताना मधूनच सीआरसी एरर यायची, म्हणजे आतल्या फाइलचा पडताळणीचा आकडा जुळायचा नाही. आधी जिथे दाखवलं तिथे हार्ड डिस्क बदलून दिली, मग डिस्कची साटा केबलही बदलली. फरक शून्य. "दादा, मशीन एकदाही बंद पडलं नाही, निळा पडदा नाही, हँग नाही. फक्त फायली खराब होतात," असं म्हणून त्यांनी कॅबिनेट माझ्या टेबलावर ठेवलं.

डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, स्वच्छ होता. मग त्यांचीच एक मोठी झिप घेतली आणि लागोपाठ उघडत राहिलो. एरर येत होती, पण दर वेळी वेगळ्या फाइलवर. इथेच डिस्कवरचा माझा संशय मावळला. डिस्कवर लिहिलेलंच खराब असेल तर रडगाणं दर वेळी त्याच जागी यायला हवं. खात्री करायला त्या झिपचा हॅश काढला, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा; फाइल तीच तर आकडाही तोच. परत काढला, तर आकडा वेगळा. फाइलला हातही लावलेला नव्हता. तीच डिस्क माझ्या मशीनला जोडली, तर हॅश कितीही वेळा काढा, तोच. म्हणजे ही फाइल डिस्कवर धड होती, ताईंच्या मशीनला ती नीट वाचता येत नव्हती.

प्रोसेसर कोअर २ क्वाड क्यू६६००, जानेवारी २००७ मध्ये आलेला. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं तर वेगाच्या रकान्यात २४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे कंपनीने दिलाय तसाच. पण त्याच्या जवळच बस स्पीड दिसत होता ४००, आणि हा प्रोसेसर २६६ च्या बसवर ९ च्या मल्टिप्लायरने चालतो. बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग गुणिले मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग. मशीन रिकामं बसलं की वीज वाचवायला मल्टिप्लायर ६ वर उतरतो. सहा गुणिले चारशे, चोवीसशे! ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेलं मशीन आराम करताना नेमका मूळ वेग दाखवत होतं. थोडं काम दिलं तर आकडा ३२०० वर. बायोसमध्ये मल्टिप्लायर ८ आणि बस ४०० करून ठेवली होती.

ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. मशीन त्यांनी जुनं घेतलेलं. आधीच्या मालकाने जे केलं ते त्या काळच्या शौकिनांना शोभेल असंच होतं. या प्रोसेसरचा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, त्यामुळे वेग वाढवायचा तर बसच वाढवायची. बस ४०० केली की डीडीआर२-८०० रॅम (तिचा मूळ वेगही ४००, ८०० हा दुप्पट मोजलेला आकडा) बसशी बरोबर १:१ चालते. या १:१ चं त्या मंडळींना भारी वेड होतं.

प्रोसेसरला गणितं घालून दमवणाऱ्या प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी चाचणी तासभर चालवली. एकही चूक नाही, तापमानही साठीच्या आसपास. पण या चाचणीचा सगळा खेळ प्रोसेसरच्या कॅशमध्येच आटोपतो, रॅमपर्यंत फारसं काही जातच नाही. म्हणून रॅमही वापरणारी ब्लेंड चाचणी लावली. थोड्याच वेळात चाचणीचा एक वर्कर थांबला: राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी. म्हणजे गणित चुकलं. मशीन मात्र मजेत चालू, माऊस हलतोय, गाणं वाजतंय.

"रॅम कधी वाढवली होती का?" मी फोन करून विचारलं.

"हो, दोन होत्या, अजून दोन टाकल्या. आठ जीबी झाली."

रॅमच्या चारही पट्ट्या एकेक करून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. सगळ्या निर्दोष. दोन-दोनच्या जोड्याही निर्दोष. चारही एकत्र लावल्या की लाल ओळी, आणि पत्ते दर वेळी वेगळे. बस २६६ वर आणली की चारही पट्ट्यांसह सगळं शांत. इंटेलच्या त्या पिढीत रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून बोर्डावरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये असायचा. इथला पी३५ चिपसेट अधिकृतपणे १३३३ च्या बससाठी, म्हणजे मूळ ३३३ साठी बनवलेला (१३३३ हा चारपट मोजलेला आकडा). प्रोसेसर ३.२ वर आरामात होता, ताण नॉर्थब्रिजवर होता. दोन पट्ट्यांपर्यंत त्याने ४०० निभावून नेलं, चार झाल्यावर मधूनच एखादा बिट चुकायला लागला. साधी रॅम अशी चूक कोणाला कळवत नाही. ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडणारी रॅम असती तर बोंब ठोकली असती.

बायोस डिफॉल्टला नेऊन मोकळं होता आलं असतं. पण खरखर काढण्याचं काम तासन्‌तास चालतं, आणि ३.२ वरून २.४ म्हणजे पाव वेग गेला. नॉर्थब्रिजचं व्होल्टेज वाढवणं हा दुसरा मार्ग, पण त्यावरचा हीटसिंक पंख्याविना आणि पेस्ट वाळलेली, शिवाय हे मशीन आवाजाच्या कामाचं. मला ते पटेना. मी मल्टिप्लायर परत ९ केला आणि बस ३३३. वेग ३.० गिगाहर्ट्झ. चिपसेट त्याच्या अधिकृत मर्यादेत आला, आणि ५:६ गुणोत्तर ठेवल्याने रॅमही ८०० वरच राहिली. १:१ गेलं, त्याचं दुःख करायला आधीचा मालक तिथे नव्हता. रात्रभर ब्लेंड, दिवसा मेमटेस्ट, आणि त्या झिपचा हॅश आता प्रत्येक वेळी माझ्या मशीनशी जुळणारा.

ताई खूश झाल्या, पण त्यांना वाईट बातमीही द्यायची होती. मशीन सुधारलं तरी आधी लिहिलेल्या फायली सुधारत नाहीत. त्यांच्या काही झिप माझ्या मशीनवरही उघडेनात. त्या बनतानाच बिघडल्या होत्या. त्या निदान ओळखता तरी येतात. जिथे रेकॉर्डिंगच चुकीचं लिहिलं गेलं आणि मग त्याची व्यवस्थित झिप झाली, तिथे सीआरसी अगदी बरोबर येईल आणि आत कुठेतरी एक टिचकी असेल. ती शोधायला सीआरसी किंवा हॅश उपयोगाचा नाही.

"म्हणजे सगळ्या कॅसेट परत?"

"सगळ्या नाही. नव्या पट्ट्या टाकल्यानंतरच्या."

ताई वहीत रोज कोणती कॅसेट उतरवली ते लिहितात. त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "रॅमचं बिल शोधते. त्यावर तारीख असेल."