आप्पांच्या मधाचा आकडा

महाबळेश्वरच्या डोंगराखालच्या गावांतून मध गोळा करायचा, तपासायचा, गाळून बाटल्यांत भरायचा, हे आमच्या छोट्या संस्थेचं काम. तपासणी माझ्याकडे. मे महिन्यात जांभळाचा मध येतो तेव्हा ओट्यावर कॅनची रांग लागते आणि मी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बसते. काचेवर थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. मधात पाणी किती ते कळतं. अन्नसुरक्षा मानकात त्याची मर्यादा 20 टक्के आहे.

आप्पांच्या दोन्ही कॅनचा आकडा 23 आला.

मी काही बोलायच्या आत रांगेतला एकजण म्हणाला, "नापास!" गावात याचा अर्थ एकच.

"म्हंजे म्या पाणी घातलं व्हय?" आप्पांनी कॅन उचललेच.

"तुम्ही नाही घातलं आप्पा. माश्यांचंच काम अर्धवट राहिलंय. पेट्या दाखवता?"

घरामागच्या उतारावर सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या इथल्या देशी मधमाशीच्या, पेट्या होत्या. एका पेटीतला मध अजून काढायचा होता. आप्पांनी थोडा धूर दिला, मधखोलीतली चौकट वर काढली. वरच्या घरांना मेणाच्या टोप्या लागलेल्या, खालची घरं उघडीच. फुलातला रस पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि मध पिकला की घर मेणाने बंद करतात. वळीव येईल या धास्तीने आप्पांनी बाकीच्या पेट्यांच्या चौकटी टोप्या लागायच्या आधीच मधयंत्रात फिरवल्या होत्या. मी बंद घरातला एक थेंब घेतला, उघड्यातला एक. पहिला 20, दुसरा 25.

"एकाच चौकटीत?" त्यांनी स्वतः डोळा लावून दोनदा पाहिलं.

खरं तर सातेरीचा मध आमच्या दमट घाटात मुळातच पातळ. पूर्वी ही मर्यादा 25 होती. कारवीच्या मधात साखर वेगळी असते म्हणून त्याच मानकात सुक्रोजला 5 ऐवजी 10 टक्क्यांची सवलत आहे. एका फुलाचा एवढा विचार झाला, तर एका माशीचा का नाही, हे मला कधी पटलेलं नाही.

चहाला बसलो तर आप्पा आतून दुकानातली बाटली घेऊन आले. सुनेने खोकल्यासाठी आणलेली. "हिचं बगा."

आकडा 18.

"मंग ही शुद्ध, आन् माझा भेसळीचा?"

हे यंत्र फक्त पाणी मोजतं, साखरेचा पाक ओळखत नाही, असं मी सांगितलं. डिसेंबर 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने 13 ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत पास झालेले कितीतरी नमुने जर्मनीतल्या एनएमआर या जास्त बारकाईच्या चाचणीत पाकाच्या संशयाने अडकले. कंपन्यांनी ते नाकारलं, तो भाग वेगळा.

"मंग ह्ये यंत्र कशाला बाळगता?"

"पाणी जास्त राहिलं की मध आंबतो, आप्पा. गणपतीपर्यंत फेस येऊन झाकण उडालं, की गिऱ्हाईक तुमचंच नाव घेणार."

हे मात्र त्यांना लगेच पटलं. कधीतरी झालं असावं. "चुलीवर एक कढ दिऊ?" म्हणाले. मी घाईने हात आडवा केला. मध तापवला की त्यात एचएमएफ, म्हणजे उष्णतेने साखरेपासून होणारं एक द्रव्य, वाढतं, त्यालाही किलोला 80 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि वास जातो तो वेगळाच. आमच्याकडे कमी उष्णतेवर पाणी काढणारं यंत्र आहे. त्याच्या खर्चापोटी किलोमागे थोडी कपात करावी लागेल, म्हटल्यावर आप्पांनी घासाघीस केली आणि ठरलेल्या रकमेच्या निम्म्यावर मला आणलं. संस्थेत मला त्याबद्दल बोलणी बसली.

उरलेली पेटी टोप्या लागेपर्यंत उघडायची नाही, असं ठरवून आम्ही ओट्यावर परतलो. मघाचा तो बोलणारा अजून रांगेतच होता. आप्पांनी कॅन खाली ठेवले, त्याच्या कॅनवर टिचकी मारली आणि मला म्हणाले, "मॅडम, आता ह्याची चौकट बगायला जाऊ. मी येतो संगं."