चार कॅन पाणी आणि मे महिना

परीक्षा संपल्या की आमच्या घरात माळ्यावरून आधी पाण्याचे कॅन उतरतात, तंबू नंतर. वीस लिटरचे दोन, दहाचे दोन. माझे सासरे ते स्वतः धुतात. मीठ आणि लिंबाची साल घालून खळखळ हलवतात आणि गॅलरीत उलटे वाळत घालतात. त्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं चावीवाले होते. मुंबईत अमुक गल्लीला पहाटे साडेचारला पाणी आणि पलीकडच्या गल्लीला सातला, हे आपोआप होत नाही. रस्त्यातलं झाकण उघडून, लांब दांड्याची चावी खाली घालून कुणीतरी ते आटे फिरवत असतं. तेच काम बाबांनी केलं, पावसात, रात्री, दिवाळीच्या पहाटे. आम्ही राहतो भांडुपला. शहराचं बरंचसं पाणी इथंच शुद्ध होतं. त्यामुळे सहलीला निघालो तरी आमच्या घरात पाण्याचाच विषय निघतो, आणि मला ते आवडतं.

गेली सहा वर्षं मे महिन्यात आठ-दहा दिवस आम्ही गाडी काढतो. मी, नवरा, दोन मुलं आणि बाबा. टपावर दोन तंबू, ताडपत्री आणि चटया. डिकीत छोटी शेगडी, तीन लिटरचा कुकर, भाजणी, मेतकूट, गूळ आणि कांद्यांची पिशवी. संरक्षित वास्तूच्या आवारात कधीच मुक्काम करायचा नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. जवळच्या गावात कुणाचं तरी मोकळं शेत बघायचं, विचारायचं आणि मगच तंबू ठोकायचा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पैसे घ्यायला मात्र बरेच जण नाही म्हणतात, तेव्हा बाबा घरातल्या लहान मुलाच्या हातात देतात.

नाणेघाटाला आम्ही माळशेजमार्गे गेलो. घाटात द्रोणातली करवंदं घेतली, बोटं दुपारपर्यंत चिकट. घाटघरजवळ एका खाचरात तंबू लावला आणि पहाटे उजेड व्हायच्या आत घाटाच्या तोंडाशी पोचलो. तिथल्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मीतला लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. कुठले यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, सगळं आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे! थोरल्याने मोबाइलच्या उजेडात एक एक चिन्ह शोधलं. समोरच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा राहिल्यात आणि वर नावं.

बाबा मात्र बाहेर टाक्यांपाशी रमले. वाटेच्या कडेला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. ते एका टाक्याशी वाकले आणि काठावरून सावकाश बोट फिरवलं. तिथं दगडात बोटभर रुंदीची पन्हळ काढलेली होती. कातळावरून ओघळणारं पाणी गाळ मागं ठेवून टाक्यात उतरावं, एवढाच तिचा उतार. बाबा म्हणाले, ‘‘हे बघ, लेव्हल काढलीय. माणूस हुशार होता.’’ धाकटीने त्या पन्हळीत बाटलीच्या झाकणाने पाणी ओतलं. ते खरंच वळसा घेऊन टाक्यात गेलं. वरच्या अंगाला तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत, असं सांगतात. पण मला वाटतं, कोकणातून बैल हाकत चढून आलेल्या माणसाला आधी टाकं दिसत असणार.

लोणारला आम्ही मेहकरवरून गेलो. समृद्धीवरून मे महिन्यात जाणार असाल तर पहाटे निघा आणि टायरची हवा, टायरचं वय दोन्ही तपासा. तिथला काँक्रीटचा रस्ता दुपारी तव्यासारखा तापतो. लोणारला तंबू उघडलाच नाही, इतकं ऊन. एका काकूंच्या अंगणात बाजेवर झोपलो, आणि तेच बरं झालं. सरोवर ज्यात आहे ते विवर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद. पूर्वी त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. उल्का आदळल्याच्या धक्क्यानेच तयार होते तशी काच इथल्या बेसॉल्ट खडकात सापडली, तेव्हा तो वाद मिटला. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. खाली जाऊन पाणी बोटावर घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारा महिने पडते. बाबा त्या धारेखाली अर्धा तास डोळे मिटून उभे होते.

भंडारदऱ्याची सहल मात्र माझ्या मनातून जात नाही.

नाशिक हायवेने निघालो होतो. शहापूरच्या पुढे बाबा म्हणाले, मुलांना भातसा धरण दाखवूया. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा या एका धरणाचा. हायवे सोडून आत शिरलो. खड्ड्यांत एका कॅनचं झाकण निसटलं, त्याच्यावर दुसरा कलंडला आणि उरलेले दोन आम्ही त्या दिवशी पुढे भरू म्हणून रिकामेच आणले होते. हे कळलं तेव्हा गाडी तापून बंद पडली होती. दुपारचा एक वाजलेला. शेजारी दहा-बारा घरांचा पाडा.

एक बाई बाहेर आल्या. काही न विचारता आत गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. गाडीत घाला म्हणाल्या. पितळी कळशी, तोंडावर ओला फडका, काठाशी पोचा आलेला. बाबांनी विचारलं, पाणी कुठून आणता? विहिरीतून, त्या म्हणाल्या, डोंगराच्या त्या अंगाला. सकाळी दोन खेपा होतात. टँकर येतो, पण रोज नाही.

‘‘धरण तर इथंच आहे ना?’’ धाकटीने विचारलं.

‘‘हाय ना बाय. पानी मुंबईला जातं.’’

आवाजात तक्रार नव्हती. रस्ता कुठे जातो ते सांगावं तसं सांगितलं.

बाबांनी ती कळशी गाडीत घालू दिली नाही. त्या बाई आग्रह करत होत्या, बाबा हात जोडत होते. शेवटी त्यांनी आम्हाला कोरा चहा पाजला. आम्ही दोन तास इंजिन गार होऊ दिलं आणि बाटलीतलं उरलेलं लिटरभर पाणी रेडिएटरला घालून जेमतेम हायवेवरच्या गॅरेजपर्यंत पोचलो. भातसा पाहायचा राहिला.

भंडारदऱ्याला पोचेपर्यंत अंधार पडला. मेचा शेवटचा आठवडा होता, झाडांवर काजवे लागले होते. अख्खं झाड एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. टॉर्च बंद ठेवून आम्ही बसलो होतो. मुलं अधूनमधून कुजबुजत होती. बाबा त्यांना सांगत होते, भातशाचं पाणी नदीने पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून शुद्ध करायला पांजरापूरला, मग मोठ्या पाइपातून मुंबईला. मग बराच वेळ गप्प बसले.

‘‘एकतीस वर्षं मी खालच्याच टोकाची चावी फिरवली,’’ म्हणाले.

गेल्या मेमध्ये आम्ही मुद्दाम त्या पाड्यावर गेलो. त्या बाईंनी धाकटीला ओळखलं. पाड्यात आता एक टाकी बसली आहे, काळी, प्लास्टिकची. टँकर आला की त्यात पाणी टाकतो. खालच्या नळाचा वॉल्व्ह गळत होता, खाली चिखल झाला होता आणि त्यात कोंबड्या उभ्या होत्या. बाबांनी डिकीतून पाना आणि टेफ्लॉन टेप काढली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ऊन उतरेपर्यंत तिथे बसले. गळती थांबली तेव्हा आधी त्यांनी वॉल्व्ह उघडून पाहिला, मग बंद केला, मग परत उघडून त्या बाईंना म्हणाले, ‘‘आता तुम्ही फिरवून बघा.’’