कन्फ्यूशियन सौंदर्यदृष्टी आणि दालनाची मांडणी

संग्रहालयात प्राचीन चीनचं दालन म्हटलं की लाल खांब, सोनेरी ढगांची नक्षी आणि दारातच चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचा पुतळा हे आधीच ठरून गेलेलं असतं. त्याच्या विचारातला खरा कामाचा भाग तसाच राहतो: सजावटीने आशयावर कुरघोडी करू नये, आणि सुसंवाद साधताना सगळं एका साच्यात कोंबू नये.

सुरुवात पात्रांच्या संचापासून करावी. चीनच्या झोऊ राजवंशाच्या काळातल्या विधींत मांसाची कांस्यपात्रं, म्हणजे डिंग, विषम संख्येत मांडत आणि धान्याची ग्वेइ सम संख्येत. राजाला 9 आणि 8, त्याखालच्यांना क्रमाने कमी. हुबेइ प्रांतात 1978 साली उत्खनन झालेल्या झंग राज्याच्या अधिपती यीच्या कबरीत 9 डिंग आणि 8 ग्वेइ मिळाली. राजाचा मान एका अधिपतीच्या कबरीत! त्यातलं देखणं एक पात्र उचलून स्पॉटलाइटखाली ठेवलं की ही गोष्टच नाहीशी होते. सतराही पात्रं एकाच रांगेत, सारख्या उंचीच्या चौथऱ्यांवर, सारख्या अंतराने ठेवावीत आणि भोवती जागा मोकळी सोडावी.

त्याच कबरीतल्या 65 घंटा तीन मजल्यांच्या काटकोनी चौकटीवर टांगलेल्या होत्या; एक बाजू पश्चिम भिंतीलगत, दुसरी दक्षिणेला, आणि उत्तरेला दगडी वाद्यांची चौकट. म्हणजे ऐकणारा या काटकोनाच्या आत होता. म्हणून प्रेक्षकालाही आतच उभं करावं. काटकोन सरळ करून घंटा एका भिंतीवर रांगेने लावल्या की जागा वाचते, पण वाद्यवृंदाची रचना कळत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक घंटा दोन ठिकाणी आघात केल्यावर दोन वेगळे स्वर देते. त्या दोन्ही जागा शेजारच्या रेखाचित्रात दाखवाव्यात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या कांस्य आणि रेशीम एकाच काचपेटीत मांडताना. क्लोराइड असलेल्या कांस्याला सापेक्ष आर्द्रता साधारण 40 टक्क्यांखाली लागते, नाहीतर फिकट हिरवी भुकटी धरू लागते. रेशीम आणि कागद इतक्या कोरड्या हवेत ठिसूळ होतात, त्यांना 50 टक्क्यांच्या आसपास बरं. पेट्या वेगळ्याच हव्यात. कांस्याच्या बंद पेटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवावा. एकत्रपणा दाखवायला दोन्हींची तळरेषा आणि पार्श्वभूमीचा रंग एकच ठेवला की पुरतं.

प्रकाशाचंही तेच. रेशमी चित्राला 50 लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक), कांस्याला त्याहून बराच जास्त चालतो; पण झगझगीत कांस्यावरून थेट चित्राकडे वळलेल्या डोळ्यांना ते काळंच दिसतं. मध्ये मंद प्रकाशाचा पट्टा ठेवावा. भिंत मॅट आणि फिकट राखाडी असावी, चकचकीत रंग काचेत उमटतो.

लांब चिनी चित्राची आडवी गुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडते. तेव्हा दालनात येण्याची वाट तिच्या उजव्या टोकाशी उघडावी आणि मुख्य फलकही तिथेच लावावा. डावीकडे लावला तर लोक चित्राच्या शेवटापासून सुरुवात करतात.